झाडावर चढणारे खोकड

‘फॉक्स म्हणजे कोल्हा’ असे आपण शाळेत पाठ केले. प्रत्यक्षात आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्या माळरानावरचे खोकड. हा गुंता सोडवताना मी अमेरिकेतल्या ‘ग्रे फॉक्स’पर्यंत, म्हणजे करड्या खोकडापर्यंत पोहोचलो. तिथे नावाचा दुसरा गुंता निघाला.

आपले खोकड आणि युरोप-अमेरिकेतले लाल खोकड ‘व्हल्पिस’ या प्रजातीतले. करडे खोकड मात्र ‘युरोसायन’ या निराळ्या प्रजातीतले. श्वानकुळातली ही फांदी लाखो वर्षांपूर्वीच वेगळी झाली. आज तिच्यात दोनच जाती आहेत.

कॅनडाच्या दक्षिण भागापासून व्हेनेझुएलापर्यंत करडे खोकड आढळते. वजन साधारण तीन ते पाच किलो. पाठ मीठ-मिरी मिसळल्यासारखी करडी. पण मान, कुशी आणि पाय तांबूस. त्यामुळे पुष्कळदा त्याला लाल खोकड समजतात. अशा वेळी शेपटी पाहावी. लाल खोकडाच्या शेपटीचे टोक पांढरे असते, याचे काळे.

त्याची खरी खासियत म्हणजे झाडावर चढणे. नख्या आकडीसारख्या वळलेल्या, पुढचे पाय आतल्या बाजूला वळू शकणारे. त्यामुळे खोडाला कवळ घालून ते सरसर वर जाते. कायोटी मागे लागला तर झाड हाच आसरा. ससे, उंदीर, किडे याबरोबर फळेही ते आवडीने खाते. वसंतात, खडकांच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत मादी सरासरी चार पिल्ले देते.

युरोसायनची दुसरी जात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या सहा बेटांवर राहते. आकाराने ती मांजराएवढीच. १९९० च्या दशकात सुवर्ण गरुडांनी तिचा फडशा पाडला. सॅन मिगेल बेटावर जेमतेम १५ खोकडे उरली. डीडीटीमुळे तिथले मासेखाऊ बाल्ड ईगल संपले होते आणि मोकाट डुकरांची पिल्ले सुवर्ण गरुडांना आयती मिळत होती. मग सुवर्ण गरुड पकडून दूर नेले, डुकरे हटवली, बाल्ड ईगल परत आणले, खोकडांची पैदास बंदिस्त जागेत केली. २०१६ मध्ये तीन बेटांवरच्या उपजाती संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर आल्या.

हे साधले, कारण प्रत्येक बेटावरचे खोकड वेगळी उपजाती म्हणून ओळखले आणि मोजले गेले होते. आपल्याकडे माळराने नांगराखाली जात आहेत, आणि तिथल्या खोकडाला आपण अजून कोल्हाच म्हणतो. मोजणी दूरची गोष्ट. निदान मुलांना त्याचे नाव तरी बरोबर शिकवू या.