बाटलीतला वायू आणि टाकीतलं पेट्रोल

मंडळी, माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. त्याच्या माथ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक आहे. ते कुणी पाडलेलं नाही, वितळून पडलेलं आहे. हा पिस्टन माझ्या भाच्याच्या गाडीतला. भाचा अमेरिकेत, टेक्सासला असतो. तिथं सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळी पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवर आपापल्या गाड्या पळवतात. त्यानं गाडीला नायट्रसचं किट बसवलं आणि चौथ्या फेरीला इंजिन गेलं. फोनवर म्हणाला, "मामा, गॅस तर अगदी मापात सोडला होता!" मी विचारलं, "आणि पेट्रोल?" त्याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. तेच आज आपण समजून घेऊ.

नायट्रस ऑक्साइड म्हणजे आपला हास्यवायू. १७७२ साली जोसेफ प्रीस्टलीनं तो तयार केला. पुढे दातांच्या डॉक्टरांनी भूल देण्यासाठी वापरला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तो लढाऊ विमानांच्या इंजिनांत सोडला, कारण फार उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी पडतो. मोटारशर्यतीत तो आला तो त्याच गुणामुळे.

अनेकांना वाटतं की हा वायू पेट्रोलसारखा जळतो. तसं नाही. तो स्वतः जळत नाही, जाळायला मदत करतो. सुमारे ३०० अंश सेल्सियसला त्याचे रेणू फुटू लागतात आणि प्राणवायू मोकळा होतो. वजनानं पाहिलं तर हवेत प्राणवायू सुमारे २३ टक्के असतो, नायट्रसमध्ये ३६ टक्के. शिवाय बाटलीतला द्रव बाहेर पडताच उकळतो आणि आत येणारी हवा थंड करतो. थंड हवा दाट, म्हणजे त्याच जागेत आणखी प्राणवायू.

लोहाराचा भाता आठवा. भाता जोरात चालवला की कोळसा फुलतो, पण कोळसाच नसेल तर भाता काय करणार? इंजिनाची गोष्ट मात्र याहून वाईट. इथं इंधन कमी पडलं तर आग मंदावत नाही. प्राणवायू जास्त आणि पेट्रोल कमी अशा मिश्रणात उष्णता वाढते, ठिणगीची वाट न पाहता ठिकठिकाणी स्फोट होतात आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन वितळू लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. हे सगळं दोन-चार सेकंदांत घडतं.

म्हणून ताकद वाढवायची तर आधी पेट्रोलचा हिशेब. ढोबळ मानानं १०० अश्वशक्ती जादा हवी असेल, तर मिनिटाला अर्धा लिटर जादा पेट्रोल लागतं. भाच्याचं इंजिन १५० अश्वशक्तीचं. पूर्ण जोरात ते मिनिटाला पाऊण लिटर पितं. त्यात त्याला ५० अश्वशक्ती वाढवायची होती, म्हणजे आणखी पाव लिटर. एकूण झालं एक लिटर. पंपाची क्षमता याहून वीस-पंचवीस टक्के जास्त हवी आणि तीही कामाच्या दाबाला मोजलेली. नळी मोकळी सोडून भांडं भरलं की पंप चांगला, असं होत नाही. दाबाविरुद्ध ढकलताना पंप कमी पेट्रोल देतो. जुना फिल्टर, बारीक नळी, उतरलेली बॅटरी यांनी ते आणखी घटतं.

भाच्यानं दाब पाहिला होता, पण अंगणात, गाडी नुसती सुरू ठेवून. तेव्हा काटा जागेवरच होता. धावपट्टीवर पूर्ण जोरात तो खाली आला, आणि तेव्हा पाहायला कुणी नव्हतं.

पेट्रोल देण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीला 'ड्राय' म्हणतात. तीत फक्त वायू सोडतात आणि जादा पेट्रोल इंजिनाच्या नेहमीच्या इंजेक्टरमधूनच येतं, ते जास्त वेळ उघडे ठेवून किंवा दाब वाढवून. पण दाब दुप्पट केला तरी पेट्रोल दुप्पट येत नाही, सुमारे १.४ पटच येतं. दुसरी 'वेट'. तीत वायू आणि पेट्रोल वेगवेगळ्या जेटमधून एकाच ठिकाणी फवारतात. जेट म्हणजे मोजून पाडलेलं बारीक भोक. दोन्ही जेटची जोडी जुळलेली हवी.

इथंच बाटलीचा दाब महत्त्वाचा. बाटली तापली की दाब वाढतो, वायू जास्त येतो, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं. म्हणून जाणकार बाटलीचा दाब ९०० ते १००० पीएसआयच्या दरम्यान राखतात. बाटली ज्वाळेनं तापवणं म्हणजे मरणाला आमंत्रण. ३६ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीच्या डिकीत काय होईल, याची कल्पना करा.

आता ट्यूनिंग. प्राणवायू जास्त असला की ज्योत झपाट्यानं पसरते, म्हणून ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. ढोबळ नियम असा, की दर ५० अश्वशक्तीमागे दोन अंश. स्पार्क प्लग थंड जातीचे घ्यायचे. सुरुवात सर्वांत लहान जेटनं करायची, मिश्रण पेट्रोलकडे झुकतं ठेवायचं आणि दर फेरीनंतर प्लग काढून पाहायचा. पांढऱ्या चिनीमातीवर चंदेरी कण दिसले, तर ते पिस्टनचे आहेत. तिथंच थांबायचं. शिवाय वायू फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर आणि इंजिन साधारण ३००० फेऱ्यांच्या वर गेल्यावरच सुटावा, आणि पेट्रोलचा दाब घसरताच आपोआप बंद व्हावा, असे स्विच हवेत. भाच्यानं हा शेवटचा स्विच पैसे वाचवण्यासाठी गाळला होता. त्याची किंमत नव्या इंजिनापुढे काहीच नव्हती.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ रचनेला सोडून गाडीत असे फेरबदल करता येत नाहीत. आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर फुटलेलं इंजिन फक्त मालकाचं नुकसान करून थांबत नाही.

भाच्यानं नवं इंजिन बसवलंय. परवा फोन आला होता. म्हणाला, "मामा, या वेळी आधी पंप बदलला." मी पिस्टन मात्र परत दिलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)