चुकीचा पंचनामा

ईसीएमएस्क्रिप्टच्या, म्हणजे जावास्क्रिप्ट भाषेच्या प्रमाण-नियमावलीच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने 'एरर' या वस्तूस 'नेम' व 'मेसेज', म्हणजे चुकीचे नाव आणि तिचा संदेश, एवढ्या दोनच माहितीपर गुणधर्मांची सनद दिली असल्यामुळे, चूक कोणत्या फाइलीत व कितव्या ओळीवर घडली, हा जो पंचनाम्यातला मुख्य तपशील, तो प्रत्येक ब्राउझरने आपापल्या रिवाजाप्रमाणे नोंदविला. फायरफॉक्स ज्यांस 'फाइलनेम' व 'लाइननंबर' म्हणतो, त्यांसच सफारी 'सोर्सयूआरएल' व 'लाइन' म्हणतो. इंटरनेट एक्सप्लोररने तर 'डिस्क्रिप्शन' आणि 'नंबर' असे सर्वस्वी निराळे रकाने काढले, आणि त्यातही 'नंबर'च्या बत्तीस बिटांपैकी खालचे सोळा तेवढेच खरा चूक-क्रमांक सांगत. 'स्टॅक', म्हणजे चुकीपर्यंत नेणाऱ्या फंक्शन-हाकांची यादी, हा गुणधर्म आज सर्वत्र आढळतो खरा. परंतु त्यातील प्रत्येक नोंद क्रोममध्ये 'ॲट' या शब्दाने सुरू होते, तर फायरफॉक्समध्ये फंक्शनचे नाव आणि फाइलीचा पत्ता यांच्यामध्ये ई-मेलच्या पत्त्यातले चिन्ह येते, आणि क्रोम, निराळा हुकूम नसल्यास, दहा नोंदी होताच दप्तर मिटतो. सबब ही वर्णने माणसाने खुशाल वाचावीत, प्रोग्रामचा निर्णय मात्र त्यांच्या भरवशावर सोपवू नये. २०२२ च्या आवृत्तीत 'कॉज', म्हणजे चुकीचे मूळ कारण, या गुणधर्मावर शिक्कामोर्तब झाले; ओळ-क्रमांकावर झाले नाही.