साक्षीला उभी राहिलेली बाई

विदर्भातल्या एखाद्या लहान मंडळीच्या उपास-प्रार्थनेला जाऊन बसा. साक्षीची वेळ झाली की बाया एकेक करून उठतात, आणि कितीतरी साक्षींत दारू येतेच. नवरा प्यायचा, मारायचा. शेजारणीनं प्रार्थनेला आणलं. आता घरात शांती आहे. कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांसाठीच बातम्यांत येणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात या साक्षींचं नवल वाटू नये. इथल्याच बाया 'स्वामिनी'च्या नावानं दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, ज्यांचा नवरा वरचेवर झिंगतो अशा बायांपैकी ७० टक्क्यांनी हिंसा सोसली आहे. ज्यांचा नवरा पीत नाही त्यांच्यात हेच प्रमाण २३ टक्के आहे. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. हिंसा सोसलेल्या ७७ टक्के बायांनी मदत मागितली नाही आणि कुणाजवळ त्याचा उच्चारही केला नाही.

म्हणून मला साक्ष ही लहान गोष्ट वाटत नाही. चार माणसांसमोर 'मला मारत होता' असं म्हणता येणं, आणि ते ऐकून कुणी तोंड न फिरवणं, यातच बरं होण्याची सुरुवात असते. अडचण साक्षीच्या साच्यात आहे. तिला गोड शेवट लागतो. ज्यांचा नवरा अजून पितो, अजून मारतो, त्या बाया बसूनच राहतात.

या बसून राहिलेल्या बाईचं काय करायचं, याचं मराठी ख्रिस्ती परंपरेतलं सर्वांत ठोस उत्तर पंडिता रमाबाईंचं आहे. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनजवळ फुलहॅमला वाँटेजच्या मठातल्या भगिनी 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना आसरा देत होत्या, ते रमाबाईंनी पाहिलं. या बायांबद्दल एवढी माया कुठून आली, असं त्यांनी विचारलं, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंच्या विश्वासाची वाट अशी धर्मशास्त्राच्या वादाआधी एका आश्रयगृहातून गेली. मन पूर्ण निवायला मात्र पुढं आठेक वर्षं लागली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे. एका रात्रीत आयुष्य पालटल्याच्या साक्षी ऐकणाऱ्यांनी ही आठ वर्षं ध्यानात ठेवावीत.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ला मुंबईत त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. १८९३मध्ये सदनातल्या धर्मांतरावरून गदारोळ झाला, रानडे-भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. शतकाअखेरच्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून, म्हणजे वऱ्हाडाच्या शेजारून, शेकडो मुली-बाया केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती सदनात प्रार्थना होतीच, त्याबरोबर छापखाना होता, माग होते, तेलाचा घाणा होता, शेती होती. टाकून दिलेल्या बायांसाठी कृपा सदन वेगळं होतं. प्रार्थना, छप्पर आणि हाताला काम, यांतलं एकही काढलं तर मुक्ती उभी राहिली नसती, असं माझं मत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट अगदी वेगळी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. नवरा संतापी, लहरी. 'स्मृतिचित्रे'त हे सगळं हसत हसत येतं, पण वाचणाऱ्याला ते टोचतं. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो सोवळ्याओवळ्याशी आपलं आपण भांडून. नवऱ्यामागून जाणं आणि स्वतः चालत जाणं यांतला फरक त्यांच्याइतका मराठीत कुणी दाखवलेला नाही.

यवतमाळचा या इतिहासात आणखी एक धागा आहे. फ्री मेथडिस्ट मिशननं इथं काम उभं केलं. उमरीचं ख्रिस्ती रुग्णालय त्यातलंच. १९५३मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळात सुरू झाली आणि १९८३ला पुण्याला जाईपर्यंत देशभरातले पाळक इथं घडले. पाळक काय शिकतो, हे मार खाणाऱ्या बाईच्या जिवाशी येऊन भिडतं. पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं बायकांनी अधीन राहण्याचं वचन तिला पाठ असतं. त्याच अध्यायात नवऱ्यांवर टाकलेली प्रेमाची, स्वतःला देऊन टाकण्याची जबाबदारी तिला कितीदा ऐकवली जाते? छळाला कंटाळून रानात पळालेल्या हागारेला देवदूत परत जायला सांगतो, हेही शास्त्रात आहे. पण आपल्याला पाहणारा देव असं नाव देवाला देते तीही हागारच. यातलं कुठलं टोक हाती घ्यायचं, ते पाळकाच्या हातात असतं.

कायदा तर कित्येक वर्षं चर्चच्याही मागे होता. १८६९च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. नुसत्या माराबद्दल फार तर न्यायिक विभक्तता. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७मध्ये प्रगती वर्गीस खटल्यात ही अट मोडीत काढली, आणि २००१च्या दुरुस्तीनं क्रूरता हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण झालं. म्हणजे एकशे बत्तीस वर्षं 'देवानं जोडलेलं' टिकवायला सरकारी कागदही हजर होता.

२००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सगळ्याच धर्मांच्या बायांना लागू आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क तो देतो. त्याचं चौथं कलम मंडळीत वाचून दाखवण्यासारखं आहे. तक्रार घेऊन बाईनंच गेलं पाहिजे असं नाही. हिंसा घडते आहे असं ज्याला सकारण वाटतं, तो कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल त्याच्यावर खटला होत नाही. पाळक, बायबलबाई, पहिल्यांदा तिला प्रार्थनेला घेऊन आलेली शेजारीण, कुणीही.