स्प्रिंगमधील घटकांची व्याप्ती

स्प्रिंग या जावा-चौकटीत एका घटकास लागणारा दुसरा घटक तो स्वतः निर्माण करीत नाही. कंटेनर तो आणून देतो. हा घटक किती काळ टिकावा व किती जणांनी वापरावा, हे त्याच्या व्याप्तीवरून, म्हणजे ‘स्कोप’वरून, ठरते. काही न सांगितल्यास ‘सिंगलटन’ गृहीत धरला जातो : कंटेनरात त्या व्याख्येची एकच वस्तू, आणि सर्व विनंत्या तीच वापरणार. ज्या घटकात कोणाचीही खाजगी माहिती साठत नाही, त्यास हे योग्यच होय. परंतु त्यात चालू ग्राहकाचे नाव ठेवले, तर एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू शकते. आणि एकट्याने केलेल्या चाचणीत हा दोष बहुधा दिसतही नाही. अशा माहितीसाठी २००६ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून ‘रिक्वेस्ट’ व ‘सेशन’ या व्याप्ती उपलब्ध आहेत.

खरी अडचण पुढेच आहे. सिंगलटनला लागणारे घटक त्याच्या निर्मितीसमयी एकदाच दिले जातात. सामान्यतः ही निर्मिती प्रणाली सुरू होतानाच होते; त्या वेळी विनंतीच नसल्याने रिक्वेस्ट-घटक देता येत नाही व प्रणाली सुरूच होत नाही. यावर उपाय प्रॉक्सीचा. सर्वनामाचा निर्देश जसा उच्चाराच्या प्रसंगी ठरतो, तसा प्रॉक्सी दर वेळी चालू विनंतीतील खरी वस्तू शोधतो. ‘प्रोटोटाइप’चा दोष अधिक फसवा : तक्रार न होता पहिलीच वस्तू कायम राहते. त्यास प्रॉक्सी लावल्यास प्रत्येक मेथड-कॉलला नवी वस्तू जन्मते. म्हणून तेथे ‘ऑब्जेक्टप्रोव्हायडर’कडून हवी तेव्हा वस्तू मागून घेणेच उचित.