दिंडी निघाली, पक्ष विरला

पेठच्या डोंगरात नागली पिकवणारा असो की निफाडचा कांदेवाला, शेतमालाच्या भावाचा प्रश्न सर्वांचाच. १९८० साली सत्ता गेल्यावर शरद पवारांनी तोच हाती धरला आणि डिसेंबरात जळगावहून नागपूरकडे शेतकरी दिंडी काढली. १९८५ च्या निवडणुकीत त्यांच्या समाजवादी काँग्रेसने विधानसभेच्या ५४ जागा जिंकल्या. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८६ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत हा पक्ष इंदिरा काँग्रेसमध्ये विलीन झाला. १९८८ साली पवार पुन्हा मुख्यमंत्री झाले. विरोधाची मोकळी जागा पुढे शिवसेनेने व्यापली. पण विरोधी म्हणून मत देणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारले? म्हणून पुढारी दारी आला की आपणच विचारावे : उद्या पक्ष विलीन केलात, तर आमच्या भावाचा प्रश्न कोण मांडणार?