लिहिले ते आणि भोगले ते

मार्च २०१९ मध्ये सुरत जिल्हा प्रशासनाने ‘पबजी’ या खेळावर बंदी घातली. पालकांची धास्ती खरी होती. परंतु धास्ती म्हणजे अभ्यास नव्हे. त्यापूर्वी २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’मुळे मुले जीव देतात, असा देशभर बोभाटा झाला. केंद्राच्या समितीने त्या मुलांचे इंटरनेटवरील व्यवहार व दूरध्वनीच्या नोंदी तपासल्या. एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झाला नाही, असे सरकारने २०१८ मध्ये संसदेत सांगितले.

मग मुलांच्या लेखनातून काहीच कळत नाही काय? कळते. अमेरिकेतील डॉ. मेगन मोरेनो आणि सहकाऱ्यांनी ‘मायस्पेस’वरील, स्वतःचे वय अठरा सांगणाऱ्यांची ५०० खुली पाने वाचली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५४ टक्के पानांवर व्यसन, लैंगिक वर्तन वा हिंसा यांचे उल्लेख आढळले. मात्र उल्लेख म्हणजे कृती नव्हे. त्यात बढाईही असते.

आपल्या सुरतेत ही अडचण दुणावते. लिंबायत-उधन्यातील मराठी मुलगा एकाच ओळीत मराठी, गुजराती, हिंदी लिहितो, तेही रोमन लिपीत. ‘मरी गयो’ हे शब्द परीक्षेच्या धसक्याने उमटतात, तसे खऱ्या निराशेनेही. शब्द मोजणाऱ्या यंत्राला हा भेद सहज उमगत नाही; मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाला उमगू शकतो.

म्हणून असे लेखन आरोपाचा पुरावा न मानता विचारपुशीचे निमित्त मानावे. शंका येताच मुलाशी एकांतात बोलावे. मरावेसे वाटते का, असे स्पष्ट विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला एकटे सोडू नये. २०२२ पासूनच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळी हाताशी असावा.