लांब पाटे आणि पुढचा आस

म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यातील बेट्टदपुर हे गाव एका शंकूसारख्या डोंगराच्या पायथ्याशी वसले आहे. शिखरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचे मंदिर असून तेथे दगडी पायऱ्यांनी चढून जावे लागते. गावाच्या पश्चिमेस पठार संपते आणि कोडगूचा डोंगराळ मुलूख सुरू होतो. तेथील कॉफीच्या मळ्यांतून आणि मडिकेरीजवळच्या मंडलपट्टीसारख्या उंच जागांकडे जाणाऱ्या दगडधोंड्यांच्या वाटांवर चारही चाकांना चालना मिळणाऱ्या जुन्या जीपगाड्या वर्षानुवर्षे धावत आल्या आहेत. अशा वाटेवर गाडीची खरी परीक्षा इंजिनाची नसते. चाक जमिनीला किती वेळ चिकटून राहते, याची ती परीक्षा असते. म्हणूनच गाडीचे पुढचे पाटे काढून त्यांच्या जागी अधिक लांबीचे पाटे बसविण्याचा विचार अनेक चालकांच्या व कारागिरांच्या मनात येतो. हा बदल दिसतो तितका साधा नाही.

१९४९ साली मुंबईत माझगाव येथे महिंद्रांनी विलीस जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे या घराण्यातील सीजे-३बी ही जात भारतात दीर्घकाळ बनत राहिली. या गाडीचे पुढचे पाटे सुमारे ३६ १/४ इंच, तर मागचे ४२ इंच लांबीचे असत. पुढच्या बाजूलाही ४२ इंचांचे पाटे बसविले, तर काय होईल?

पाट्याचा नियम असा की, जाडी, रुंदी व पाट्यांची संख्या कायम ठेवल्यास त्याची लवण लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. येथे लांबी सुमारे १६ टक्क्यांनीच वाढली. परंतु त्याच भाराखाली होणारी लवण ५५ टक्क्यांनी वाढते. समजा, मूळ पाटा गाडीच्या वजनाने ६ सेंटीमीटर दबत होता. नवा पाटा ९ सेंटीमीटरांहून थोडा अधिक दबेल. त्याबरोबर पोलादावरील ताणही १६ टक्क्यांनी वाढेल. हा वाढीव ताण टाळण्यासाठी कुशल कारागीर पाटे जाड करीत नाही, कारण ताठरपणा जाडीच्याही घनाने वाढतो आणि मिळविलेला मऊपणा हातचा जातो. तो सहा पाट्यांऐवजी त्याच जाडीचे सात पाटे घालतो. तेव्हा ताण पूर्ववत होतो, ताठरपणा मात्र मूळच्या तीनचतुर्थांशच राहतो. गाडी आता ८ सेंटीमीटर दबते आणि तिचे हेलकावे मिनिटाला सुमारे १२२ होते ते १०६ वर येतात. शिवाय पोलादाला तितकाच ताण देऊन चाक पूर्वीपेक्षा एकतृतीयांश अधिक अंतर वरखाली होऊ शकते. एक चाक दगडावर चढले असता दुसरे खड्ड्यात टेकलेले राहते, ते या वाढीव अंतरामुळे.

परंतु पाटा हा केवळ झोके झेलणारा भाग नव्हे. पुढचा आस गाडीच्या सांगाड्याखाली जागच्या जागी धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. पाट्याचे एक टोक सांगाड्याला पिनेने पक्के जोडलेले असते, तर दुसरे शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. कमानदार पाटा दबून सपाट होऊ लागला की त्याची दोन टोके एकमेकांपासून दूर जातात; आणि पक्के टोक हलू शकत नसल्याने आस त्या टोकापासून दूर सरकतो. जुन्या जीपमध्ये शॅकल पुढे आणि पक्के टोक मागे असे. त्यामुळे चाक दगडावर आदळून वर उचलले जाताना आस किंचित पुढे, म्हणजे दगडाच्याच दिशेने सरकतो. शॅकल मागे नेल्यास आस मागे सरून धक्का सौम्य होतो. पण त्याच वेळी तो गिअरपेटीकडे ढकलला जातो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या सरकत्या जोडाला तितकी जागा ठेवावी लागते.

यापुढील प्रश्न सुकाणूचा आहे. सायकलीचा पुढचा चिमटा तिरपा असतो, म्हणून वळल्यानंतर तिचे चाक आपोआप सरळ होऊ पाहते. मोटारीतही चाक ज्या किंगपिनभोवती वळते, ती वरच्या टोकाशी थोडी मागे झुकलेली असते. लांब पाट्यासाठी नवे ब्रॅकेट जोडताना एखादे टोक वर किंवा खाली गेले, तर आस स्वतःभोवती फिरतो आणि हा झुकाव बदलतो. झुकाव कमी झाल्यास गाडी रस्त्यावर भरकटू लागते. आस आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालून तो पूर्ववत करता येतो. मात्र डिफरन्शियलही त्याच आसाचा भाग असल्याने त्याचे तोंड खाली झुकते आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडाचा कोन वाढतो. एका ठिकाणची दुरुस्ती अशी दुसऱ्या ठिकाणी जाब विचारते. सांगाड्यावरील स्टिअरिंगपेटीपासून चाकाकडे येणाऱ्या ड्रॅग लिंकचेही तसेच आहे. चाकाची वरखाली हालचाल वाढली आणि त्या दांड्याचा मार्ग आसाच्या मार्गाशी जुळला नाही, तर चालकाने चक्र स्थिर धरले असतानाही चाके आपणहून वळतात.

म्हणून पाटे बसविल्यावर गाडी लगेच रस्त्यावर नेणे चुकीचे ठरते. शॉक ॲब्सॉर्बर काढून जॅकने एका बाजूचे चाक पूर्ण वर व दुसऱ्या बाजूचे पूर्ण खाली नेऊन पाहिले पाहिजे. त्या अवस्थेत ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, शाफ्टचा जोड सुटत किंवा अडत नाही ना, टायर चाकावरील पत्र्याला घासत नाही ना, आणि शॅकल उलटत नाही ना, हे तपासावे. यू बोल्ट नवे वापरावेत आणि थोडे अंतर चालविल्यावर पुन्हा आवळावेत.

येथे कायद्याचाही संबंध येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते, आणि उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत असा फेरफार करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत हत्यारे हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे आवश्यक ठरते.

चढणीवर लांब पाट्याचे गुण चटकन दिसतात; त्याची उणीव प्रकट होते ती उतरणीवर. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढच्या आसावर येते, मऊ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळवटू लागतो आणि त्याच क्षणी किंगपिनचा झुकाव कमी होतो. पावसात ओल्या झालेल्या घाटवाटेवर, पाठीमागे माणसे बसलेली असताना, चालकाच्या हाती असलेले चक्र त्याचे ऐकेल की नाही, हे आधी कारखान्यात त्या पाचरेचा कोन आणि त्या दांड्याची लांबी किती काळजीपूर्वक मोजली गेली, यावर अवलंबून असते.